यादीत पहिलं नाव

३ मार्च

वहिनी,

नमस्कार लिहिला असता, पण तुम्ही तो पाकिटासकट परत धाडाल, म्हणून सरळ कामाचं लिहितो. तीन वर्षांत आपण एक शब्द बोललेलो नाही. तुमची जाऊ रोज माझं डोकं खाते, की दीर आहात, दोन ओळी लिहिल्यानं तुमचं नाक काही खाली होत नाही. तर घ्या, लिहितो.

प्रयोगशाळा मदतनिसांची गुणवत्ता यादी येत्या चौदा एप्रिलला रद्द होते. यादीचं आयुष्य एका वर्षाचं. तुमचं नाव तिच्यात पहिलं आहे, शंभरपैकी एक्याण्णव, दुसऱ्या नंबरपेक्षा तेरा गुण जास्त. हे मी तुम्हाला सांगायला नको. पण यादी गेली की पुढची परीक्षा कधी होईल ते शाळा मंडळातल्या एकालाही सांगता यायचं नाही, आणि झाली तरी जानेवारीत तुम्हाला पंचेचाळीस पूर्ण झाली. वयाची अट पंचेचाळीसचीच. म्हणजे चौदा तारखेनंतर तुम्ही त्या शाळेत जन्मभर तात्पुरत्या. नव्वद दिवस काम, एक दिवस घरी, पुन्हा नव्वद दिवस. सहा वर्षं तुमचं हेच चाललंय. तात्पुरत्या माणसाला नव्वद दिवसांपेक्षा जास्त ठेवायचं नाही असा नियम आहे, आणि तो आम्ही मध्ये एक दिवस घरी बसवून पाळतो. वर छाती पुढे काढून सांगतो की आम्ही नियम मोडत नाही.

मला या कचेरीचा वीट आलाय, वहिनी. परवा साहेबांनी भरती विभागातल्या आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये बसवून शिक्षकेतर भरतीच्या नियमांवर दीड तास भाषण ठोकलं. आधी जाहिरात, मग लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक, मग यादी, मग यादीतल्या पहिल्या तिघांना मुलाखतीचं पत्र, आणि त्या तिघांतून मुख्याध्यापकांनी निवडायचा एक. ‘ओळख नाही, वशिला नाही, फक्त गुण!’ असं म्हणून त्यांनी टेबलावर मूठ आपटली. माझ्या शेजारी बसलेला टायपिस्ट टाळ्या वाजवता वाजवता कानात म्हणाला, ‘यांचा पुतण्या स्टोअरला कुठल्या यादीतून आला हो?’ मी हसलो आणि टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला मी नेहमीच पुढे असतो.

जुलैत तुम्हाला मुलाखतीचं पत्र निघालं होतं. दहा दिवसांत उत्तर आलं नाही की ते नाव त्या जागेपुरतं गळतं आणि खालचा वर सरकतो. तसंच झालं. चौथा तिघांत आला आणि घेतलं त्यालाच. पत्र तुम्हाला मिळालं नाही याचं मला खरंच वाईट वाटलं. पोस्टाचा हल्ली काही भरवसा राहिलेला नाही.

माझं ऐकाल तर एक करता येईल. मी साहेबांकडे शब्द टाकतो. तुमची तात्पुरती नेमणूक तरी बंद पडणार नाही, एवढं माझ्याकडे लागलं. यावरून आपलं पूर्वी वाजलंय हे माहीत आहे मला. तरी विचार करा. चिमणीला आशीर्वाद. तिचं कॉलेज संपलं असेल ना?

तुमचा दीर


१२ मार्च

वहिनी,

तुमचं कार्ड मिळालं. एका ओळीसाठी अख्खं कार्ड वाया घालवलंत. ‘भाऊजी, या पत्त्यावर पत्र पोचतं तर.’ खाली सही नाही, काही नाही. मी ते टेबलावर पालथं ठेवलं, मग खणात टाकलं, मग काढून पुन्हा वाचलं. तुमच्या जावेनं विचारलं, ‘काय म्हणतात?’ मी म्हटलं, ‘बऱ्या आहेत.’

ठीक आहे. पोस्टाची चूक नव्हती. अर्जात पत्त्याचे दोन रकाने असतात, एक सध्याच्या पत्त्याचा आणि एक कायमच्या पत्त्याचा. पत्र सध्याच्या पत्त्यावर पाठवायचं असं नियमात स्वच्छ लिहिलंय. ते कायमच्या पत्त्यावर गेलं. दिवसाला शे-सव्वाशे पाकिटं निघतात, हात आपोआप चालतात, अशा चुका होतात.

कायमचा पत्ता म्हणून तुम्ही आमच्या घराचा पत्ता लिहिला होतात. मला वाटलं होतं तुम्ही ती जागा कोरी सोडाल. ज्या घरातून सकाळी सहाला दोन ट्रंका आणि चिमणीला घेऊन तुम्ही निघालात, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत, त्या घराचा नंबर, गल्ली, सगळं तुमच्या त्या गोल अक्षरात नीट लिहिलेलं. दादा गेल्यावर चार वर्षं तुम्ही तिथे राहिलात, म्हणून लिहिलंत, की आणखी कशासाठी, ते मला कळलं नाही.

जाऊ दे. तो चौथा कसा आहे ते मी तुम्हाला सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्ही त्याला गॉगल म्हणतो. परीक्षेलाही तो काळा चष्मा लावून आला होता. मंडळाच्या अध्यक्षांचा मेहुणा. प्रात्यक्षिकाच्या दिवशी देखरेखीला मीच होतो. तुम्ही मला पाहिलंत आणि ओळख दाखवली नाहीत. तुम्ही नळ सोडून भांडी तीनदा विसळलीत, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या आधी वाचून मग चिकटवल्यात, आणि आम्ल पातळ करायला सांगितल्यावर पाणी आधी घेऊन त्यात आम्ल थेंबाथेंबानं सोडलंत. परीक्षक बाई तुमच्या वहीकडे न बघता नुसत्या तुमच्या हातांकडे बघत होत्या. तुमच्यानंतर हा आला. यानं आम्ल घेतलं आणि वरून भसकन पाणी ओतलं. ते उसळलं, बाईंच्या पदराला तीन भोकं पडली, आणि हा चष्मा कपाळावर चढवून म्हणतो, ‘बाटलीच खराब आहे.’ त्याला प्रात्यक्षिकात चाळीसपैकी अकरा मिळाले. लेखी परीक्षा मात्र घोकून आला होता, त्या जोरावर चौथा.

गेल्या महिन्यात हजेरीपट तपासायला मी तुमच्या शाळेत आलो होतो. प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आलो. तो खुर्चीत बसून पाय बेसिनवर टाकून फोन बघत होता. ज्या बेसिनमध्ये मुलांच्या परीक्षानळ्या धुतात त्याच्यात थुंकला. आणि तुम्ही जमिनीवर उकिडव्या बसून फुटलेली काच कागदावर गोळा करत होतात. पगार त्याला मदतनिसाचा, काम तुमचं, आणि त्याला शिकवायचं तेही तुम्हीच. मला शिसारी आली. मी तसाच परत फिरलो आणि हजेरीपटावर ‘सर्व ठीक’ असं लिहून सही केली.

दीर


२१ मार्च

वहिनी,

उत्तर नाही. मी तरी का अपेक्षा करावी?

चुका होतात असं मी लिहिलं होतं. ते पुसून टाका. पत्ता मी टाइप केला. तुमचा अर्ज समोर होता, दोन्ही पत्ते समोर होते, आणि मी कायमचा उचलला. जावक नोंदवहीत नोंदही माझ्याच अक्षरात आहे.

साहेबांनी मला ‘असं करा’ म्हणून कधीच सांगितलं नाही. तसं ते कुणालाच सांगत नाहीत. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि यादी उलटीसुलटी करत म्हणाले, ‘हेडक्लार्क, ही पहिली बाई तुमच्या नात्यातली ना?’ मी म्हटलं, हो, वहिनी. म्हणाले, ‘मग तुम्ही जास्तच जपून राहायला हवं. लोक म्हणतील घरच्यांना चिकटवलं. पत्र कायमच्या पत्त्यावर गेलं तर कुणाला बोलायला जागा नाही. तो पत्ता त्यांनीच दिलाय.’ मग बशीत चहा ओतून घेतला आणि म्हणाले, ‘तुमची स्वतःची भरती कधीची हो? चोवीस वर्षं झाली ना? तेव्हाचे निकालाचे कागद अजून माझ्या कपाटात आहेत. वाळवी लागली नाही अजून.’ आणि हसले. मीही हसलो. त्या हसण्याची आठवण आली की अजून तोंड धुवावंसं वाटतं.

त्या कागदांत काय आहे ते पुढे लिहीन. आज धीर होत नाही.

सप्टेंबरमध्ये तुम्ही कचेरीच्या खिडकीवर आला होतात. मी आत होतो. तुमचा आवाज ऐकला आणि रेकॉर्डरूममध्ये लोखंडी कपाटामागे जाऊन उकिडवा बसलो, हातात फाईल धरून, कुणी आलं तर काहीतरी शोधतोय असं दाखवायला. तुम्ही विचारत होतात, ‘मला पत्र का आलं नाही?’ खिडकीवरच्या पोरीनं नोंदवही बघून सांगितलं, ‘बाई, पाठवलंय. तुम्हीच उत्तर दिलं नाहीत.’ तुम्ही म्हणालात, ‘कुठल्या पत्त्यावर?’ ती म्हणाली, ‘ते सांगता येत नाही.’ मग म्हणालात, ‘बरं.’ तुमच्या पावलांचा आवाज जाईपर्यंत मी तिथेच बसलो. उठलो तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या आणि विजारीला धूळ लागली होती. शिपाई म्हणाला, ‘साहेब, काय सापडलं?’

मला माझी किळस येते, वहिनी. हे मी सहानुभूतीसाठी लिहीत नाही. तुमच्याकडे ती उरली असेल तर चिमणीसाठी ठेवा.

दीर


३० मार्च

वहिनी,

पंधरा दिवस राहिले, म्हणून आता सगळं लिहितो.

ते पत्र रजिस्टरनं गेलं होतं. रजिस्टर पत्र दारात टाकून जात नाहीत, कुणीतरी सही करून घ्यावं लागतं. तुमच्या जावेच्या हातात पडलं असतं तर तिनं त्याच दुपारी चप्पल पायात घालून तुमच्याकडे आणून दिलं असतं. म्हणून मी सलग तीन दिवस दुपारची अर्धी रजा टाकली, पोट बिघडलंय असं सांगून. ती बिचारी मला लिंबूपाणी करून देत होती, आणि मी खिडकीशी बसून पोस्टमनची वाट बघत होतो. तिसऱ्या दिवशी तो आला. पाकिटावरचं तुमचं नाव वाचून म्हणाला, ‘या बाई इथेच राहतात ना?’

मी म्हटलं, ‘हो, इथेच. मी त्यांचा दीर.’

पोचपावतीवर सही केली. नात्याच्या रकान्यात ‘दीर’ लिहिलं. म्हणजे पाठवणारा मीच आणि घेणारा मीच. पाकिटाचा डिंकसुद्धा मी माझ्या जिभेनं ओला केलेला. ते मी कपाटात स्वेटरांच्या खाली ठेवलं आणि दहा दिवस मोजले. अकराव्या दिवशी कचेरीत जाऊन तुमच्या नावापुढे ‘उत्तर नाही’ असं लिहिलं.

भीतीनं केलं असं मी एकवीस तारखेच्या पत्रात तुम्हाला भासवलं. भीती होतीच. पण खोटं कशाला बोलू, नुसती भीती नव्हती. तीन वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं, साहेबांकडे शब्द टाकतो, आणि तुम्ही म्हणालात, ‘मला शब्द नको भाऊजी, परीक्षा घ्या म्हणावं.’ त्यावर मी जे बोललो, की आधी दादाच्या जिवावर खाल्लंत आणि आता माझ्या, ते मी आयुष्यात विसरणार नाही, आणि तुम्हीही विसरू नका. तुम्ही गेलात आणि खरोखर परीक्षा देऊन पहिल्या आलात. माझ्या पोटात दुखलं. मला वाटलं, पत्र नाही मिळालं की येतील माझ्याकडे. ‘भाऊजी, जरा बघा ना,’ म्हणतील. मग मी मोठेपणानं बघीन. तुम्ही खिडकीवर आलात, पण माझं नावसुद्धा घेतलं नाहीत.

आता ते जुने कागद. चोवीस वर्षांपूर्वी कनिष्ठ लेखनिकाची परीक्षा मी एकट्यानं दिली नव्हती. दादानंही दिली होती. जागा चार होत्या. दादा दुसरा आला आणि मी सतरावा. नियम तेव्हाही होते, पहिल्या काहींना बोलवायचं वगैरे. बाबांची तेव्हाच्या अधिकाऱ्याशी ओळख होती आणि एकाच माणसासाठी बोलता येईल इतपतच ती होती. बाबा त्यांना म्हणाले, ‘थोरला कुठेही पोट भरेल. धाकटा कुचकामी आहे, त्याची सोय करा.’ मी दाराआड होतो. सतराव्याचा दुसरा केला आणि दुसऱ्याचा सतरावा. आमचे साहेब तेव्हा तिथे साधे लेखनिक होते, आणि तो कागद त्यांच्याच हातानं लिहिलेला आहे. दादा हसला, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, ‘तुझा सदरा इस्त्री करून देतो, पहिल्या दिवशी नीटनेटका जा.’ आणि स्वतः दुकानांना माल पोचवायच्या टेंपोवर लागला. त्या टेंपोवरच गेला.

दादाची जागा मी घेतली आणि तुमची दुसऱ्याला दिली. तुम्हाला हे माहीत नसेल. दादा असलं कधी बोलला नसेल.


७ एप्रिल

वहिनी,

सोबत एक पाकीट आहे. तेच ते. फोडलेलं नाही. त्यावर पोस्टाचे शिक्के आणि तारखा आहेत. त्याबरोबर पोचपावतीची नक्कल, जावक नोंदवहीच्या पानाची नक्कल आणि माझा जबाब, चार पानं. जबाब मी आज अपील समितीकडे दिला. ही समिती तिघांची, बाहेरची, आमच्या कचेरीतलं कुणी नाही. मला पोचल्याचा शिक्का मिळालाय, तो तुमच्या प्रतीवर उठवून घेतलाय.

समितीच्या खिडकीवरच्या माणसानं फॉर्म पुढे सरकवून विचारलं, ‘तक्रार कुणाविरुद्ध?’

मी म्हटलं, ‘माझ्याविरुद्ध.’

तो म्हणाला, ‘काका, तसा रकाना नाही यात.’ मग त्यानंच विचार करून ‘इतर’ च्या समोर लिहून घेतलं.

तक्रार माझी असली तरी अपील तुमच्याच सहीचं लागतं. यादी जिवंत असताना म्हणजे चौदा तारखेच्या आत दिलं तर त्यांना ते घ्यावंच लागतं, मग निकाल पुढे लागला तरी चालतो आणि वय अर्जाच्या दिवशीचं धरतात. कलम मी पेन्सिलनं खूण करून ठेवलंय. माझ्यावरच्या रागापायी हे पाकीट बाजूला टाकू नका, एवढंच सांगणं. रागाला पुढे पुष्कळ दिवस आहेत.

साहेबांना दुपारी कळलं. केबिनचं दार लावून म्हणाले, ‘वेड लागलंय का तुम्हाला? तुमचे कागद काढू?’ मी म्हटलं, ‘काढा. जबाबात लिहिलंय ते. ते कुणाच्या अक्षरात आहेत तेही लिहिलंय.’ ते खाली बसले. चहा मागवला नाही. संध्याकाळी मला निलंबनाचा कागद मिळाला, आणि या कचेरीत एवढ्या झटपट झालेलं काम मी चोवीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

तुमच्या जावेला मी काल सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मी तुम्हाला तीन दिवस लिंबूपाणी करून देत होते.’ तेवढंच.

मला माफ करा असं लिहायचं होतं. आता लिहायला घेतलं तर वाटतंय की तेही मी माझीच सोय बघून लिहितोय. म्हणून राहू दे.

दीर


४ सप्टेंबर

भाऊजी,

तुमची पाचही पत्रं वाचली. पाकीट मी फोडलं नाही. समितीनं माझ्यासमोर फोडलं. आत सहा ओळी होत्या. मुलाखतीला सकाळी दहाला या, मूळ कागद आणा. त्या सहा ओळींसाठी एक वर्ष गेलं.

समितीनं त्या चौथ्याची नेमणूक रद्द केली आणि मुलाखत ऑगस्टमध्ये पुन्हा झाली. तिघांनाही बोलावलं होतं, नियमाप्रमाणे. मुख्याध्यापकांनी मला काचेचं भांडं आणि आम्लाची बाटली दिली, म्हणाले, करून दाखवा. सोमवारी हजर झाले. प्रयोगशाळेच्या किल्ल्या माझ्या नावावर लिहून दिल्यात. बेसिन घासायला दोन दिवस लागले.

तुम्हा दोघा भावांच्या त्या जुन्या परीक्षेचं यांनी मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. म्हणाले होते, धाकट्याला यावरून कधी बोलायचं नाही, तो आधीच घाबरट आहे. तुम्ही मला जिवावर खाणारी म्हणालात त्या दिवशी ते माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांना शब्द दिला होता म्हणून गिळलं, आणि गिळता येईना म्हणून घर सोडलं.

हजर होताना फॉर्म भरावा लागतो. त्यात कायमचा पत्ता पुन्हा विचारतात. मी या खोलीचा लिहिला. जाऊबाईंना सांगा, त्यांनी कधीही यावं. तुमचं काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुम्हाला काढल्यावर लेखनिकाची जी जागा रिकामी झाली, तिची जाहिरात निघाली आहे. चिमणी परीक्षेला बसते आहे. कुणाकडे शब्द टाकू नका.